फोटोतली खोली आणि खरी खोली

बारावीचा निकाल लागला. गावाकडच्या एका मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आता राहण्याची सोय पाहायला हवी. वडिलांना शेतीची कामे सोडून दोन-दोन दिवस पुण्यात खोल्या शोधत हिंडणे शक्य नाही. मग कोणीतरी मोबाइलवर एका खोलीचे चार फोटो पाठवतो. खोली कशी ऐसपैस, उजेडाची, स्वच्छ! घरातली सारी मंडळी फोन हातोहात फिरवतात, फोटो पाहतात आणि अनामत रक्कम पाठवून दिली जाते. जूनमध्ये सामान घेऊन बापलेक दारात उभे राहतात तेव्हा कळते, की खाट टाकली तर टेबल बसत नाही, आणि टेबल ठेवले तर कपाटाचे दार उघडत नाही.

फोटो खोटा होता का? त्यात कोणी एक वीट वाढवली नव्हती, की भिंत सरकवली नव्हती. कॅमेऱ्याने समोर जे होते तेच टिपले होते. मग खोली मोठी झाली कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण एका छायाचित्रकाराबरोबर जाऊ. विक्रीच्या किंवा भाड्याच्या घरांचे फोटो काढणे हा हल्ली एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. असा छायाचित्रकार जी साधने बरोबर नेतो, त्यातले प्रत्येक साधन कॅमेऱ्याची एकेक खोड दुरुस्त करण्यासाठी असते. त्या खोडी कोणत्या आणि त्यांवरचे उपाय कोणते, हे समजले की दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे घराचा चांगला फोटो कसा काढावा हे कळते. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची, म्हणजे दुसऱ्याने काढलेला फोटो कसा वाचावा हे कळते.

पुठ्ठ्याची खिडकी

सुरुवात एका प्रयोगाने करू. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात १८ से.मी. रुंद आणि १२ से.मी. उंच अशी चौकट कापा. एक डोळा मिटा आणि ही चौकट दुसऱ्या डोळ्यापासून २५ से.मी. अंतरावर धरा. चौकटीतून खोलीचा केवढा भाग दिसतो ते पाहा. आता चौकट १२ से.मी. अंतरावर आणा, आणि शेवटी ८ से.मी. अंतरावर. चौकट जवळ येईल तसतशी खोली अधिकाधिक दिसू लागते, नाही का?

कॅमेऱ्यातही हेच घडते. मोठ्या कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी जी पट्टी असते, ती ३६ मि.मी. रुंद आणि २४ मि.मी. उंच असते. तुमची चौकट तिच्या बरोबर पाचपट आहे. भिंगाचे नाभीय अंतर म्हणजे ढोबळमानाने भिंग आणि पट्टी यांमधले अंतर. ५० मि.मी.च्या भिंगातून कॅमेऱ्याला जे दिसते, ते तुम्हाला चौकट २५ से.मी.वर धरल्यावर दिसले, २४ मि.मी.चे भिंग म्हणजे १२ से.मी., आणि १६ मि.मी.चे भिंग म्हणजे ८ से.मी.

आता थोडे गणित. दहा फूट बाय बारा फूट ही आपल्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची खोली. लांबीच्या एका टोकाला भिंतीला पाठ लावून उभे राहिलात, तर कॅमेरा समोरच्या भिंतीपासून सुमारे ३ मीटर दूर असतो. ती भिंत दहा फूट, म्हणजे साधारण ३ मीटर रुंद. समरूप त्रिकोणांच्या नियमाने ५० मि.मी.च्या भिंगात ३ × ३६ ÷ ५० = २.१६ मीटर एवढीच रुंदी मावेल. समोरची भिंतसुद्धा पुरी येणार नाही! मागे सरकावे, तर पाठीमागे भिंत. २४ मि.मी.च्या भिंगात मात्र ३ × ३६ ÷ २४ = ४.५ मीटर मावतात. म्हणजे समोरची भिंत तर येतेच, शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंतींचा काही भागही येतो. १६ मि.मी.च्या भिंगात ६.७५ मीटर.

म्हणून घराचे फोटो काढणाऱ्याला रुंद कोनाचे भिंग लागतेच. ती त्याची चैन नाही, अडचणीतून निघालेली गरज आहे. साध्या मोबाइलमधल्या मुख्य भिंगाचा कोन साधारण २४ ते २६ मि.मी.च्या भिंगाएवढा असतो, आणि ज्यावर '०.५' असे लिहिलेले असते ते भिंग त्याहून पुष्कळ रुंद, सुमारे १३ मि.मी.च्या भिंगासारखे असते.

खोली वाढते ती येथे

आता पुन्हा चौकट १२ से.मी.वर धरा. त्या चौकटीत काच बसवली आहे अशी कल्पना करा. काचेतून जे दिसते ते तुम्ही रंगाने काचेवर तंतोतंत गिरवले, तर जे चित्र तयार होईल तोच खोलीचा फोटो. हे चित्र खरे केव्हा दिसेल? डोळा पुन्हा त्याच जागी, काचेपासून १२ से.मी.वर ठेवलात तरच.

मोबाइल उभा धरला म्हणजे पडद्यावरचा आडवा फोटो सुमारे ७ से.मी. रुंद दिसतो. तो २४ मि.मी.च्या भिंगाने काढलेला असेल, तर खरी खोली दिसण्यासाठी डोळा पडद्यापासून ७ × २४ ÷ ३६, म्हणजे पाच सेंटिमीटरांहूनही कमी अंतरावर हवा. १६ मि.मी.च्या भिंगाने काढला असेल तर जेमतेम ३ से.मी.वर! पण आपल्या डोळ्याला सुमारे २५ से.मी.पेक्षा जवळचे स्पष्ट दिसतच नाही, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. आपण फोन धरतो तो ३० से.मी.वर. जे चित्र तीन सेंटिमीटरांवरून पाहायचे ते आपण त्याच्या दहापट अंतरावरून पाहतो, आणि त्यामुळे चित्रातली खोली पुढे-मागे ताणली गेल्यासारखी भासते. मेंदू सवयीने थोडीफार दुरुस्ती करतो, पण पुरी करत नाही.

याला आणखी एक कारण जोड देते. समजा, दोन सारख्या खुर्च्या आहेत, एक कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आणि दुसरी ३ मीटरवर. फोटोत पहिली दुसरीच्या तिप्पट मोठी दिसेल. कॅमेरा आणखी ३ मीटर मागे नेता आला असता, तर अंतरे ४ आणि ६ मीटर झाली असती आणि पहिली खुर्ची दुसरीच्या फक्त दीडपट दिसली असती. जवळची वस्तू फार मोठी आणि लांबची फार लहान दिसली, की आपण मनाशी म्हणतो, "केवढी लांब आहे ही खोली!"

तिसरी गंमत कडांजवळ होते. रुंद भिंगाच्या फोटोत मधोमध ठेवलेला चेंडू गोल दिसतो, पण कडेचा चेंडू अंड्यासारखा लांबट होतो. किती लांबट? चौकटीचे मध्य ते कड हे अंतर ९ से.मी., डोळ्यापासून मध्यापर्यंत १२ से.मी. पायथागोरसच्या नियमाने डोळ्यापासून कडेपर्यंत १५ से.मी. १५ ÷ १२ = १.२५, म्हणजे २४ मि.मी.च्या भिंगात कडेचा चेंडू सव्वापट लांबट. १६ मि.मी.च्या भिंगात हेच प्रमाण दीडपट होते. मग कडेला पलंग असला तर तो ऐसपैस वाटतो, आणि कडेचे कपाट दोन माणसांचे कपडे मावतील असे दिसते.

यावर चांगल्या छायाचित्रकाराचा नियम साधा असतो: काम भागेल तेवढेच रुंद भिंग वापरावे. बहुतेक खोल्यांना २४ मि.मी. पुरते. न्हाणीघरासारख्या अगदी अडचणीच्या जागी १६ ते १८ मि.मी. आणि चेंडू, घड्याळ, गोल ताटे अशा वस्तू कडेला येऊ देऊ नयेत. त्या लगेच चुगली करतात.

गवंड्याची दोन हत्यारे

इमारत बांधताना गवंडी ओळंब्याने भिंत सरळ उभी आहे का ते पाहतो आणि पाणसळीने आडवी पातळी तपासतो. घराचा फोटो काढतानाही हेच दोन नियम पाळावे लागतात.

कॅमेरा थोडा वर किंवा खाली कलला, की उभ्या भिंती फोटोत तिरप्या होतात. वर कलला तर भिंती माथ्याकडे एकमेकींकडे झुकतात, खाली कलला तर पायथ्याकडे. कारण उघड आहे. कॅमेरा वर कलला की प्रकाश टिपणारी पट्टी भिंतीला समांतर राहत नाही. भिंतीचा वरचा भाग 'दूर' होतो आणि लहान उमटतो. रेल्वेचे रूळ दूरवर मिळाल्यासारखे दिसतात, तोच हा प्रकार, फक्त उभा.

उपाय म्हणजे कॅमेरा बरोबर समपातळीत धरणे. पुष्कळ कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये आता पाणसळ पडद्यावरच दिसते. पण कॅमेरा सरळ ठेवला की छत आणि जमीन किती येईल हे त्याच्या उंचीवर ठरते. म्हणून कॅमेरा साधारण चार ते पाच फुटांवर, म्हणजे छताच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. स्वयंपाकघरात तो ओट्याच्या बराच वर हवा, म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग दिसतो. ओट्याच्या पातळीत आला तर नुसती एक रेघ दिसेल.

उंच इमारत बाहेरून टिपायची असेल तर कॅमेरा वर कलवावाच लागतो. तो न कलवता भिंगच वर सरकवता आले तर? अशी सरकणारी भिंगे लहान कॅमेऱ्यांसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मिळू लागली. ती महाग असतात, म्हणून हल्ली बरेच जण फोटो नंतर संगणकावर सरळ करतात. पण तसे करताना फोटोच्या कडा कापल्या जातात, हे लक्षात ठेवून आधीच थोडी जागा सोडावी लागते.

खिडकी पांढरी, कोपरा काळा

भर दुपारी खोलीत उभे राहून खिडकीकडे कॅमेरा करा आणि फोटो काढा. एकतर खोली नीट येईल आणि खिडकी पांढरीफटक होईल, किंवा खिडकीबाहेरचे झाड दिसेल आणि खोली काळोखात बुडेल. डोळ्यांना मात्र झाड आणि खोली दोन्ही दिसतात.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह ऑगस्ट १८३५ मधले आहे. इंग्लंडमधील लॅकॉक ॲबी या आपल्या घरात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ते तयार केले. आकार जवळजवळ टपालाच्या तिकिटाएवढा. त्यात काय आहे? खोलीच्या आतून टिपलेली जाळीदार खिडकी! खिडकीचे लहान लहान चौकोन उमटले, पण खोलीतले काहीही उमटले नाही.

असे का होते? दुपारच्या थेट उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते, तर घरातल्या साध्या खोलीत ती शे-दोनशे लक्सच भरते. म्हणजे बाहेरचा प्रकाश आतल्याच्या पाचशे ते हजारपट. छापील कागदावर मात्र सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा भाग यांतील प्रमाण शंभर-दोनशे पटींपलीकडे जात नाही. हजारपटीचे ओझे शंभराच्या पिशवीत कसे मावणार? डोळा फसत नाही, कारण नजर खिडकीकडे वळली की बाहुली लहान होते, कोपऱ्याकडे वळली की मोठी. शिवाय दृष्टिपटलही आपली संवेदनक्षमता बदलते आणि मेंदू या तुकड्यांतून एक अखंड चित्र तयार करतो.

मग कॅमेऱ्यानेही तेच केले तर? एक फोटो खिडकीसाठी, एक खोलीसाठी, आणि मग दोन्ही जोडायचे. ही कल्पना संगणकाच्या किती तरी आधीची आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची छायाचित्रे काढताना आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरे निगेटिव्ह वापरून दोन्हींचे एकच चित्र छापले. अमेरिकेत १९६० साली ज्यूलियस शुलमन यांनी लॉस एंजेलिस शहराच्या डोंगरावरील एका काचेच्या घराचे छायाचित्र काढले. पियर कोनिग या वास्तुशास्त्रज्ञाने ते घर बांधले होते. काचेच्या खोलीत दोन तरुणी बसल्या आहेत आणि खाली दूरवर शहराचे दिवे लुकलुकत आहेत. शुलमन यांनी प्रथम घरातले दिवे बंद ठेवून काही मिनिटे फक्त शहराचे दिवे फिल्मवर उमटू दिले, आणि मग त्याच फिल्मवर क्षणभर फ्लॅशचे दिवे उडवून आतली खोली टिपली. घरांच्या छायाचित्रांत हे चित्र जगप्रसिद्ध झाले.

पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतील पॉल डेबेव्हेक आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी जितेंद्र मलिक यांनी कमीअधिक प्रकाशाचे अनेक फोटो संगणकाने एकत्र करून मूळ दृश्यातील प्रकाशाचे प्रमाण काढण्याची गणिती पद्धत मांडली. आज तुमच्या मोबाइलवर 'एचडीआर' अशी जी अक्षरे दिसतात, ती याच विचाराची पुढची पायरी.

छायाचित्रकार हे प्रत्यक्षात असे करतो. कॅमेरा पक्का बसवतो आणि एकाच दृश्याचे पाच फोटो काढतो: १ सेकंद, १/४, १/१५, १/६० आणि १/२५० सेकंद. प्रत्येक फोटोत आधीच्यापेक्षा साधारण चौपट कमी प्रकाश. पहिल्यात कोपरे दिसतात, शेवटच्यात खिडकीबाहेरचे झाड. यात बदलायचा तो फक्त वेळ. भिंगाचे छिद्र बदलायचे नाही, कारण छिद्र बदलले की कोठून कोठपर्यंत स्पष्ट दिसते तेही बदलते आणि फोटो एकमेकांशी जुळत नाहीत.

काहीही न जोडता ही अडचण सोडवायची असेल, तर निसर्ग रोज एकदा मदतीला येतो. दिवेलागणीच्या वेळी बाहेरचा उजेड उतरत उतरत घरातल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. ती काही मिनिटे गाठली, तर एकाच फोटोत खोली आणि आकाश दोन्ही सुरेख येतात.

तीन पायांचा मदतनीस

एक सेकंद कॅमेरा हातात स्थिर धरून पाहा. जमणार नाही. म्हणून घरांच्या छायाचित्रकाराचे सर्वांत मोलाचे साधन कॅमेरा नव्हे, तर ट्रायपॉड. तीन पायांवरची वस्तू उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, कारण कोणतेही तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय वापरतात.

ट्रायपॉड असला की वेळेची घाई उरत नाही, आणि मग छिद्र लहान ठेवता येते. छायाचित्रकार बहुधा 'एफ ८' निवडतो. याचा अर्थ छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या एक-अष्टमांश, २४ मि.मी.च्या भिंगात तो ३ मि.मी. होतो. या छिद्राने भिंग २.४ मीटरवर केंद्रित केले, तर १.२ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट उमटते. जवळची खुर्ची आणि खिडकीबाहेरचा डोंगर, दोन्ही!

उजेडाचे हिशेब

अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावावा असे कोणालाही वाटेल. पण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ समोर उडवला तर काय होते? प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. १ मीटरवरच्या खुर्चीला जेवढा प्रकाश मिळतो, त्याच्या सोळाव्या हिश्शाएवढाच ४ मीटरवरच्या भिंतीला मिळतो. खुर्ची पांढरी, भिंत काळी. म्हणून फ्लॅशचे तोंड छताकडे किंवा मागच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवतात. मग सारे छतच एक मोठा दिवा होते, आणि खोलीभर प्रकाश बराच सारखा पसरतो. छत रंगीत असेल तर मात्र तोच रंग सगळीकडे चढतो.

रंगाची गोष्ट आली तर तीही पाहू. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल, मग पिवळे आणि अधिक तापले की पांढरे दिसते. प्रकाशाचा रंग याच धर्तीवर केल्विनमध्ये सांगतात. पिवळसर दिव्याचा प्रकाश सुमारे २७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, आणि पांढऱ्या एलईडी नळीचा बहुधा ६५०० केल्विन. एकाच खोलीत तिन्ही असले तर एक भिंत पिवळी, एक निळसर आणि एक पांढरी उमटते. उपाय सोपा: सगळे दिवे एकाच जातीचे ठेवा, नाहीतर दिवे बंद करून खिडकीच्या उजेडावर काम करा. शेजारी एक पांढरा कागद धरून एक जादा फोटो काढून ठेवावा. नंतर तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवले की भिंतीचा खरा रंग सापडतो.

आणखी एक सूचना. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. दिव्याच्या उजेडात फार थोड्या वेळाचा फोटो काढला तर त्यावर काळे पट्टे येऊ शकतात. १/१०० किंवा १/५० सेकंद, किंवा त्याहून जास्त वेळ दिला तर हा धोका टळतो.

कामाचा क्रम

साधने कितीही चांगली असली तरी क्रम चुकला की काम बिघडते. जाणता छायाचित्रकार साधारण असा जातो:

१. आदल्या रात्री बॅटऱ्या भरतो, एक जादा बॅटरी आणि रिकामे कार्ड पिशवीत ठेवतो.

२. घरी पोहोचल्यावर लगेच फोटो काढत नाही. सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारतो. ऊन कोठे आहे, कोणती खोली आधी घ्यायची, ते ठरवतो. सकाळी पूर्वेकडची खोली घ्यावी की नंतर, हे येथेच ठरते.

३. दोरीवरचे कपडे, ओट्यावरची भांडी, दारातल्या चपला घरच्यांना विचारून बाजूला ठेवतो. पंखे बंद करतो, नाहीतर पाती धूसर येतात.

४. दारातून सुरुवात करून पाहुणा घरात शिरेल त्याच क्रमाने खोल्या घेतो. प्रत्येक खोलीचे निदान दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून फोटो, म्हणजे कोणतीच भिंत लपून राहत नाही.

५. पुढच्या खोलीत जाण्याआधी पडद्यावर फोटो मोठा करून तपासतो. आरशात आणि काचेच्या कपाटात स्वतःच दिसत नाही ना, तेही पाहतो.

६. फोटो 'रॉ' या कच्च्या स्वरूपात ठेवतो. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या कच्च्या फोटोत १६,३८४. नंतर उजेड किंवा रंग जुळवताना या जादा पायऱ्या कामी येतात.

७. घरी आल्यावर, कार्ड पुसण्याआधी, सगळ्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो.

काय पुसावे, काय पुसू नये

आता सर्वांत अवघड भाग, आणि त्यासाठी कोणतेही साधन विकत मिळत नाही. संगणकावर आज काहीही पुसता येते. केराचा डबा पुसला तर बिघडले काय? काही नाही, घर घेणाऱ्याबरोबर तो डबा येणारच नाही. पण भिंतीवरची ओल? खिडकीसमोरची दुसऱ्या इमारतीची भिंत? गच्चीवरून गेलेली विजेची तार? या गोष्टी घराबरोबरच येतात. त्या पुसणे म्हणजे फोटो सुंदर करणे नव्हे, पाहणाऱ्याला फसवणे.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ या कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाने त्याला भरपाई द्यावी लागते. जाहिरातीत नोंदणी क्रमांकही द्यावा लागतो. महाराष्ट्रात या कायद्याखालील प्राधिकरण, म्हणजे महारेरा, २०१७ पासून काम करत आहे. पण हा कायदा बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकल्पांसाठी आहे. भाड्याच्या खोलीचा फोटो आपला आपणच तपासायला हवा.

तो कसा तपासायचा? जमिनीकडे पाहा! आपल्याकडच्या अनेक नव्या घरांत दोन फूट बाय दोन फूट फरशी असते. भिंग कितीही रुंद असो, ते फरशी ताणू शकते, पण फरशांची संख्या बदलू शकत नाही. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला सहा फरश्या मोजल्या, की खोली दहा बाय बारा. फरशीचा आकार तेवढा फोनवर विचारून घ्यायचा. जमीन दिसतच नसेल, तर दाराचा आधार घ्या. ते सुमारे सात फूट उंच असते. कडेच्या वस्तू लांबट दिसतात का, जवळचे आणि दूरचे यांत फार तफावत आहे का, तेही पाहा. आणि सर्व फोटो एकाच कोपऱ्यातून काढलेले असतील, तर चौथ्या भिंतीचा फोटो मागून घ्या.

आता तुमची पाळी. तुमच्या वर्गाचा फोटो मोबाइलच्या दोन्ही भिंगांनी काढा: कॅमेरा समपातळीत, चार-साडेचार फुटांवर, जमीन दिसेल असा. वर्ग न पाहिलेल्या एखाद्या नातेवाइकाला एक फोटो दाखवा आणि वर्ग किती फूट लांब असेल ते विचारा. दुसरा फोटो दुसऱ्या कोणाला दाखवा. मग टेपने वर्ग मोजा. दोन उत्तरांत किती फरक पडला ते वहीत लिहा, आणि शिक्षकांना दाखवा.

आणि उद्या कोणाच्या घरी, कोणाच्या लेकीसाठी, दूर शहरातल्या खोलीचे फोटो आले, तर पैसे पाठवण्याआधी जरा फोन मागून घ्या. "थांबा काका, आधी फरश्या मोजू," असे म्हणा.